कर्करोगाच्या उपचारात ‘पेशी कमी होतात’ म्हणजे काय?

कर्जत : पावसाळा सुरू झाला की कर्जत-खालापूर परिसरातील दवाखान्यांतून एक वाक्य हमखास कानी पडते, ‘पेशी कमी झाल्यात.’ डेंग्यूच्या साथींनी हे वाक्य घरोघरी पोहोचविले. त्यातल्या ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट, अर्थात रक्त गोठविणाऱ्या बिंबिका, हे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पपईच्या पानांचा रस, किवीचे फळ असे उपायही त्या वाक्यापाठोपाठ आपसूक येतात. मात्र, गर्भाशयमुखाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या कागदावर डॉक्टर ‘काउंट कमी आहे’ असे लिहितात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना वेगळ्याच पेशी अभिप्रेत असतात. त्या पांढऱ्या पेशी होत. प्लेटलेट कमी झाल्या तर रक्तस्रावाचे भय असते. पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर साध्या जंतुसंसर्गाने काही तासांत जीव धोक्यात येऊ शकतो. एकाच शब्दाने दोन्ही गोष्टी सांगितल्या जात असल्याने घरच्या मंडळींची गफलत होते आणि ती महागात पडू शकते.

स्त्रियांच्या जननेंद्रियांचे कर्करोग म्हणजे प्रामुख्याने गर्भाशयमुख, अंडाशय आणि गर्भाशयाचे अस्तर यांचे कर्करोग. योनिमार्ग व बाह्य जननेंद्रियाचे कर्करोग त्यामानाने कमी आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या रोगाच्या प्रत्येक टप्प्यावर पांढऱ्या पेशींचा संबंध येतो. रोग होतो की टळतो, झाल्यावर किती पसरतो, उपचार कितपत सोसवतात, हे सारे कमी-अधिक प्रमाणात त्यांच्या कामावर अवलंबून असते.

पांढऱ्या पेशी कोणत्या, काम काय?

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४ हजार ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांत सर्वाधिक संख्या न्यूट्रोफिल या पेशींची असते. त्या शरीराच्या शिपाईगडी होत. जखमेत किंवा फुप्फुसात जिवाणू शिरला की त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, जिवाणूच्या दिशेने सरकतात, त्याला गिळतात आणि पोटातील रसायनांनी मारतात. या लढाईत त्या स्वतःही मरतात. जखमेतील पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशींचा साठा. न्यूट्रोफिलचे रक्तातील आयुष्य फार तर दिवसभराचे असल्याने अस्थिमज्जेला रोज सुमारे शंभर अब्ज नव्या पेशी तयार कराव्या लागतात. हा कारखाना आठवडाभर जरी मंदावला, तरी रक्तात तुटवडा जाणवू लागतो. पुढे येणाऱ्या साऱ्या गोष्टींचे मूळ येथे आहे.

दुसरा मोठा गट लिम्फोसाइट पेशींचा. त्यांतील ‘बी’ पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर ‘टी’ पेशी विषाणूने ग्रासलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांचा नाश करतात. या पेशींना आठवण असते. एकदा भेटलेला शत्रू त्या वर्षानुवर्षे विसरत नाहीत. लसीकरणाचा सारा व्यवहार या आठवणीवर उभा आहे. मोनोसाइट नावाच्या पेशी रक्तातून ऊतींत शिरल्या की त्यांच्या महाभक्षक पेशी होतात. त्या केरकचरा उचलतात आणि शत्रूचे तुकडे टी पेशींना दाखवितात.

पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, ही गोष्ट प्रथम मांडली ती एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. इटलीतील मेसिना येथे १८८२ मध्ये त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्या काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. या कामासाठी त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एहर्लिख याच्यासह मिळाले. या मेचनिकॉफचाच ओडेसातील एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला आणि प्लेगच्या साथीत त्याने लस तयार केली. तो वाल्डेमार हाफकिन. त्याच्या नावाची संस्था परळला आहे आणि तेथून जवळच १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. कर्जतहून लोकलने परळला उपचारासाठी जाणाऱ्या स्त्रियांच्या हाती पांढऱ्या पेशींचा जो अहवाल पडतो, त्याची परंपरा अशी त्याच परिसरात येऊन मिळते.

रोग होण्याआधीची लढाई

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे ‘एचपीव्ही’, असतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लैंगिक संबंध सुरू झाल्यानंतर बहुसंख्य स्त्रियांना कधी ना कधी या विषाणूचा संसर्ग होतो, पण कर्करोग फारच थोड्या जणींना होतो. कारण दहापैकी सुमारे नऊ संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. हे काम करतात त्या टी पेशी. त्यामुळे विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे; आणि तो आढळणे हा चारित्र्याचा दाखलाही नव्हे. हे दुसरे वाक्य लिहिण्याची गरज पडू नये, परंतु गावातल्या कुजबुजीपायी तपासणीच टाळणाऱ्या स्त्रिया असतात, म्हणून लिहावे लागते.

हा विषाणू मोठा लबाड आहे. तो रक्तात उतरत नाही. गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातच राहतो आणि ज्या पेशीत राहतो तिला फोडून बाहेर पडत नाही. साहजिकच दाह होत नाही आणि पहाऱ्यावरील पांढऱ्या पेशींना सुगावाही लागत नाही. काही स्त्रियांमध्ये तो असा वर्षानुवर्षे टिकतो. विषाणूतील दोन प्रथिने पेशीच्या वाढीवरील लगाम सैल करतात आणि मग १५ ते २० वर्षांच्या संथ गतीने कर्करोग आकार घेतो. एचआयव्हीने टी पेशी खच्ची झालेल्या स्त्रीत, उपचार नसल्यास, हाच प्रवास ५ ते १० वर्षांत पूर्ण होऊ शकतो. एचआयव्हीबाधित स्त्रीला या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पांढऱ्या पेशींचे काम किती मोलाचे, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही. एआरटी केंद्रात नोंद असलेल्या स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासूनच सुरू करावी, अशी शिफारस त्यामुळेच केली जाते.

लस या लढाईत बी पेशींना आधीच सावध करते. या बाबतीत महाराष्ट्राने जगाला दिलेला पुरावा सोलापूर जिल्ह्यातील बार्शीशी निगडित आहे. भारतात २००९ मध्ये मुलींना लसीच्या दोन की तीन मात्रा द्याव्यात, हे ठरविण्यासाठी एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शी व पुणे ही त्याची केंद्रे होती. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशातील या लसीच्या चाचण्या थांबविल्या आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका मात्रेनेही विषाणूच्या १६ व १८ या प्रकारांचा चिवट संसर्ग सुमारे ९५ टक्के रोखला गेला. बी पेशींची आठवण किती पक्की असते, हे त्यातून कळले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकमात्रा लसीकरणाचा पर्याय मान्य केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस जानेवारी २०२३ मध्ये सादर झाली.

बार्शीच्याच पथकाने १९९९ पासून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे त्याचे २००९ मध्ये जाहीर झालेले फलित होते. मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात साध्या व्हिनेगरच्या, म्हणजे सौम्य ॲसेटिक आम्लाच्या, तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी स्त्रिया ती करू शकतात. या तपासणीत बिघडलेला भाग पांढरा दिसतो. त्या पांढरेपणाचा पांढऱ्या पेशींशी संबंध नाही, आणि ‘अंगावरून पांढरे जाणे’ म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी वाहून जाणे, हाही गैरसमजच होय. मात्र, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, संबंधानंतर होणारा रक्तस्राव आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा दिसलेले रक्त, ही लक्षणे अंगावर काढण्याजोगी नाहीत.

कर्करोग पेशींना फितवितो

रोग जडल्यावर पांढऱ्या पेशींचे काय होते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना गेली पन्नासएक वर्षे खुणावत आहे. सुरुवातीच्या प्रयोगांत रुग्ण स्त्रियांच्या रक्तातील न्यूट्रोफिल बाहेर काढून त्या जिवाणूंकडे किती वेगाने सरकतात, किती जंतू गिळतात, गिळलेले मारतात का, हे पाहिले जाई. एका चाचणीत पिवळसर रंगद्रव्य वापरत; जंतुनाशक रसायन तयार करणाऱ्या पेशीत त्याचा रंग निळा होई. निळ्या पेशी मोजल्या की कामाचा अंदाज येई. अशा प्रयोगांचे निष्कर्ष सगळीकडे सारखे आले नाहीत. पण एक गोष्ट ठसली, ती म्हणजे संख्या पुरेशी असूनही काम अपुरे असू शकते. रोग पुढच्या अवस्थेत असेल, अंगात रक्त कमी असेल, आहारात प्रथिने नसतील, मधुमेह आटोक्यात नसेल, तर पेशी भरपूर असूनही ढिल्या पडतात. आपल्याकडच्या कष्टकरी व आदिवासी स्त्रियांमध्ये रक्तक्षय किती आहे हे पाहता, रिपोर्टवरील आकडा पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

याच्या उलट, काही रुग्णांत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसतात. घरच्यांना वाटते, प्रतिकारशक्ती वाढली. प्रत्यक्षात ते गाठीतील संसर्गाचे लक्षण असू शकते. काही वेळा तर गाठच अस्थिमज्जेला चेतविणारे रसायन सोडत असते, आणि अशा गाठी किरणोपचारांना कमी दाद देतात असे आढळले आहे. उपचारांपूर्वी लिम्फोसाइटच्या तुलनेत न्यूट्रोफिलचे प्रमाण फार जास्त असलेल्या स्त्रियांचे आयुर्मान सरासरीने कमी असते, असेही अनेक अभ्यास सांगतात. मात्र, तो समूहाचा हिशेब आहे. एखाद्या स्त्रीचे भवितव्य त्या गुणोत्तरावरून वर्तवू नये.

अंडाशयाच्या कर्करोगात पोटात पाणी साठते. त्या पाण्यात महाभक्षक पेशी विपुल असतात. त्यांनी कर्करोगाच्या पेशी गिळाव्यात ही अपेक्षा. पण गाठीतून झिरपणाऱ्या रसायनांच्या प्रभावाखाली त्यांतील अनेक उलट्या वागू लागतात. त्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि टी पेशींना आवरतात. शिपायाने चोराच्या घराला पहारा द्यावा, तसा हा प्रकार. टी पेशी गाठीच्या आत शिरू शकल्या तर चित्र किती पालटते, हे अमेरिकेतील एका अभ्यासाने २००३ मध्ये दाखविले. अंडाशयाच्या प्रगत कर्करोगाच्या १८६ गाठी तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाठीत टी पेशी होत्या त्यांच्यापैकी ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या त्यांच्यापैकी अवघ्या ४.५ टक्के.

तेथून विचार पुढे गेला तो पांढऱ्या पेशींनाच औषध म्हणून वापरण्याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने गर्भाशयमुखाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या नऊ स्त्रियांच्या गाठींतून टी पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढविल्या आणि त्यांनाच परत दिल्या. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या या प्रयोगात तिघींना गुण आला. त्यांतील दोघींची गाठ पूर्ण विरघळली. टी पेशींवरील ‘ब्रेक’ सोडविणारी पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे या कर्करोगात आता वापरात आली आहेत, पण त्यांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात नाहीत. रायगड जिल्ह्यातच, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा केंद्राच्या संशोधन संस्थेत, आयआयटी मुंबईसोबत ‘कार-टी’ या देशी पेशी-उपचाराच्या चाचण्या झाल्या आणि २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मात्र, तो उपचार बी पेशींच्या रक्त व लसिका कर्करोगांसाठी आहे. स्त्रियांच्या या कर्करोगांत तो चालत नाही. बातम्या वाचून नातेवाईक चौकशी करतात, म्हणून हा खुलासा.

उपचारांत पेशी का घटतात?

केमोथेरपीची औषधे झपाट्याने दुभंगणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी तशा असतात आणि अस्थिमज्जेतील पेशीही तशाच. म्हणून केस गळतात आणि पांढऱ्या पेशीही घटतात. अंडाशयाच्या कर्करोगात साधारणतः दर तीन आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल व कार्बोप्लॅटिन ही औषधे देतात. सलाइन लावल्यानंतर पहिले काही दिवस रक्तात आधीच्या पेशी शिल्लक असतात. सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान त्या तळाला जातात आणि पुढच्या फेरीपर्यंत बहुधा भरून येतात. उलट्या थांबल्या, अन्न जाऊ लागले, बाई उठून कामाला लागली, की घरच्यांना वाटते संकट टळले. रक्ताचा हिशेब नेमका त्याच दिवसांत तळाला असतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात परिस्थिती थोडी निराळी. येथे ओटीपोटावर पाच आठवड्यांच्या आसपास किरणोपचार आणि सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन दिले जाते. टाटा रुग्णालयाने २००३ ते २०११ दरम्यान पुढच्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के, तर जोडीला सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी सुमारे ५२ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या. म्हणजे आठवड्याच्या या सलाइनला मोल आहे, ती चुकविण्यात तोटा आहे. पण किंमतही आहे. प्रौढ माणसाच्या कार्यरत अस्थिमज्जेपैकी सुमारे ४० टक्के भाग कंबरेच्या व आसपासच्या हाडांत असतो. किरण नेमके तेथून जातात. त्यातही लिम्फोसाइट इतक्या नाजूक, की किरणांच्या थोड्या मात्रेनेही मरतात, आणि उपचार संपल्यावर त्यांची संख्या सावरायला अनेक महिने लागू शकतात. म्हणून दर आठवड्याला सलाइनपूर्वी रक्त तपासतात. काउंट खाली असेल तर सलाइन पुढे ढकलतात. त्या दिवशी खोपोलीहून पहाटेची लोकल धरून गेलेली बाई संध्याकाळी रिकाम्या हाताने परतते आणि घरी म्हणते, ‘नुसतं रक्त काढलं आणि पाठवून दिलं.’ ती फेरी फुकट गेलेली नसते.

अहवाल वाचताना एकूण आकड्यावर थांबू नये. पाहायची असते ती न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या. डॉक्टर तिला ‘एएनसी’ म्हणतात. आपल्या आशाताई आणि परिचारिकांना हीच अक्षरे गरोदर स्त्रीच्या तपासणीसाठी पाठ असतात, त्यामुळे कर्करोगाच्या कागदावर ती पाहून गोंधळ उडू शकतो. गणित सोपे आहे. एकूण पांढऱ्या पेशी ३ हजार आणि न्यूट्रोफिल १५ टक्के असतील तर प्रत्यक्ष संख्या ४५० होते. दुसऱ्या स्त्रीच्या एकूण पेशी २ हजारच, पण न्यूट्रोफिल ६० टक्के असतील तर संख्या १,२०० भरते. आकड्याने मागे असलेली दुसरी स्त्री पहिलीपेक्षा सुरक्षित आहे. १,५०० च्या खाली न्यूट्रोफिल कमी समजतात, ५०० च्या खाली ती गंभीर स्थिती असते.

ताप : तासाचा हिशेब

न्यूट्रोफिल नसलेल्या शरीरात संसर्ग शिरला की तो नेहमीच्या खुणा दाखवीत नाही. जखम लाल होत नाही. पू धरत नाही, कारण पू तयार करणाऱ्या पेशीच नाहीत. लघवीच्या तपासणीत ‘पस सेल्स’ दिसत नाहीत आणि छातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. उरते एकच खूण, ती म्हणजे ताप. म्हणून केमोथेरपी घेतलेल्या स्त्रीला तोंडात थर्मामीटर धरून एकदा १०१ अंश फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ अंशांच्या वर ताप राहिला, तर तो आणीबाणीचा प्रसंग मानतात. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा दंडक आहे. थंडी वाजून येणे, धाप लागणे, ग्लानी, जुलाब ही लक्षणे असतील तर तापाच्या आकड्याचीही वाट पाहू नये.

हा तासाचा हिशेब कर्जत-खालापुरात कठीण होतो. कर्करोगाचे उपचार परळला किंवा खारघरला, आणि ताप येतो तो रात्री घरी. भीमाशंकरच्या पायथ्याच्या खांडस पट्ट्यातून आधी कशेळे, मग कर्जत गाठावे लागते. माथेरानच्या डोंगरउतारावरील आणि खालापूरच्या बाजूच्या काही वाड्यांना गाडीरस्ता नाही. १९ जुलै २०२३ च्या इरशाळवाडी दुर्घटनेत मदतपथकांना डोंगर पायी चढावा लागला, तेव्हा राज्याला हे कळले. आजारी स्त्रीला हीच वाट रात्री उतरावी लागते. त्यात पावसाळ्यात ताप म्हटले की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो हीच नावे आधी आठवतात, आणि ती चूकही नसते. गल्लीतील दवाखान्यात पॅरासिटामॉल मिळते, ताप उतरतो, रात्र निभावते आणि संसर्ग आत वाढत राहतो.

म्हणूनच अशा स्त्रीने ताप मोजण्याआधी तापाची गोळी घेऊ नये आणि मोजल्यावर थेट परळच्या वाटेला लागू नये. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे किंवा चौक येथील ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तेथे आधी जावे. प्रतिजैविकाची पहिली मात्रा घ्यावी आणि मग पुढे हलावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. तेथील डॉक्टर या रुग्णाला ओळखत नसतात. त्यांच्यापुढे ‘ताप आलाय’ एवढेच सांगितले तर मलेरियाची चाचणी होईल आणि ओळीत बसावे लागेल. ‘कर्करोगाची केमोथेरपी चालू आहे, आज दहावा दिवस आहे,’ हे पहिले वाक्य असले पाहिजे. फाइल, शेवटचा रक्ताचा अहवाल आणि शेवटच्या सलाइनची तारीख पिशवीत तयार ठेवलेली बरी. गुदद्वारातून तापमान घेणे, एनिमा देणे आणि कमरेत इंजेक्शन टोचणे या काळात टाळतात, कारण तेथून जंतू आत शिरतात किंवा रक्त साकळते.

पेशी वाढविण्याचे इंजेक्शन, म्हणजे फिलग्रास्टिम, १९९१ पासून उपलब्ध आहे. ते अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल लवकर सोडायला लावते. हाडे दुखणे हा त्याचा नेहमीचा त्रास. ते केमोथेरपी संपल्यावर निदान एक दिवसाने देतात, आणि प्रत्येकीला लागत नाही. किरणोपचार सोबत चालू असतील तर डॉक्टर ते देताना हात आखडता घेतात. गावातल्या कंपाउंडरकडून ‘पेशींचं इंजेक्शन’ घेण्याचा विषय म्हणूनच उद्भवू नये.

घरातली काळजी साधी आहे. हात धुणे, पाणी उकळून पिणे, ताजे शिजवलेले अन्न आणि डाळ, अंडी, मासे यांतून प्रथिने. कच्च्या पानांचे रस, कच्चे दूध, उघड्यावरची कापलेली फळे नकोत; पेशी तळाला असतात तेव्हा पपईच्या पानांच्या न धुतलेल्या रसातून पोटात जाणारे जंतूच अधिक धोक्याचे. भातलावणीच्या दिवसांत उपचार चालू असतील तर त्या स्त्रीने चिखलात उतरू नये. पायाची एखादी चीर आणि शेतातले पाणी एवढे लेप्टोला पुरते. हे सांगणे सोपे आहे. ज्या घरी लावणीला दोनच हात आहेत तेथे ते पाळणे अवघड जाते, हे ठाऊक असूनही सांगावे लागते.

झाडपाल्याच्या औषधांबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. खालापूर तालुक्यातील तांबाटी येथे आयुर्वेदावर आधारित कर्करोग उपचार व संशोधनासाठी टाटा स्मारक केंद्राला जागा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. हा विषय शास्त्रीय कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे, असा त्याचा अर्थ. केमोथेरपी चालू असताना कोणाच्याही सांगण्यावरून काढा सुरू करावा, असा नव्हे. यकृत व मूत्रपिंडावर ताण आणणारी द्रव्ये सिस्प्लॅटिनसोबत घातक ठरू शकतात. जे काही घेतले जाते ते डॉक्टरांना सांगावे. ते रागावतील म्हणून लपवू नये.

खर्चाची बाजू थोडक्यात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि कुटुंबामागे वार्षिक मर्यादा दीड लाखावरून ५ लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार तिच्यात बसतात. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन गेल्यास नोंद होते. तापासाठी दाखल व्हावे लागले, तर तो खर्च योजनेत कसा बसतो, हे पहिल्या केमोथेरपीच्या दिवशीच त्याला विचारून फाइलवर लिहून घ्यावे. रात्री दोन वाजता ते विचारायला कोणी भेटत नाही.